श्वास आत ओढणारा वर्ग

साठच्या दशकात, शिरूरच्या शाळेत शिकून घरातला पहिला पदवीधर झालेला मी, इथिओपियात मोठ्या माणसांना व्यापारी पत्रव्यवहार शिकवायला गेलो. दौंड स्टेशनवर माझे वडील, आबा, म्हणाले होते, "भ्यायचं न्हाई. येतं तेवढं शिकवायचं."

पहिल्याच तासाला तिथले प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले. धडा पसंत पडला नाही, तर ते मला परत पाठवणार होते.

मी फळ्यावर पत्राचा मायना लिहून समजावू लागलो. पुढच्या बाकावरच्या दुकानदाराने दचकल्यासारखा श्वास आत ओढला. पुढच्या वाक्याला तिघांनी ओढला. माझं काहीतरी भयंकर चुकतंय, असं वाटून मी मायना पुसला आणि घाबरून पुन्हा तोच लिहिला. पुन्हा श्वास! खडू घामाने ओला झाला. शेवटी मी विचारलंच, "माझं काय चुकलं?"

दुकानदार आबांच्या वयाचा होता. तो इंग्रजीत म्हणाला, "सर, आम्ही ‘हो’ असंच, श्वास आत ओढून म्हणतो. पण तुम्ही मघापासून मान हलवून ‘नाही, नाही’ का म्हणताय?"

वर्ग हसला. प्राचार्य हसले नाहीत. पुढचं वाक्य मी सवयीने मान न डोलावता, ती ताठ धरून बोललो आणि मागच्या बाकाकडे कान लावले. तिथून हलकासा श्वास ऐकू आला. मी पुढचा मुद्दा सुरू केला.