दोन वाक्यांचं भाषांतर
भाषांतर करणाऱ्या प्राध्यापकांनी त्या वृद्ध परदेशी बाईंना फसवलं आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांनाही. सरकीचा वास आला की ती दुपार आठवते, कारण घाटंजीची ती सभा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेडमध्ये भरली होती. कर्जापायी जीव देणाऱ्या कापूस शेतकऱ्यांच्या घरांतून तिरड्या उठत होत्या, ते दिवस. हिटलरच्या छळछावणीतून घरातल्या एकट्याच वाचलेल्या, पुढे लेखिका झालेल्या आणि शांततेसाठी देशोदेशी बोलणाऱ्या त्या बाई मुद्दाम आमच्याकडे आल्या होत्या. त्या पाच मिनिटं बोलायच्या आणि सरांचं मराठी दोन वाक्यांत संपायचं. मी कापसाचा दलाल, काटा मारलेला मला लगेच कळतो. शेवटी बाईंनी आमच्याकडे हात करून इंग्रजीत काहीतरी विचारलं. सर म्हणाले, "जोरदार टाळ्या!" आम्ही वाजवल्या आणि बाईंचा चेहरा पडला. शेजारी बसलेली माझी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "बाबा, टाळ्या कायले? तुमच्या घरचं कोण गेलं, त्याचं नाव सांगा, असं म्हणून राह्यल्या त्या." मी उभा राहून ओरडलो, "सर, त्यायनं काय विचारलं ते सांगा!" मंचावरच्या सरकारी साहेबांकडे बघत सर हसले, "बसा शेठ, पाहुण्यांसमोर रडगाणं कायले?" आणि लगेच आभार सुरू झाले. शेती करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं जीव देऊन तेव्हा दोनच महिने झाले होते आणि घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. मी ते त्या बाईंना सांगितलं असतं. सर, तुम्ही आजही याच गावात सत्कार घेता. तो प्रश्न तुम्ही कोणाला विचारून गिळलात, याचं उत्तर द्या.