काळी-पिवळी, एकास चोवीस

रत्नागिरीत प्लास्टिकच्या मॉडेल गाड्यांचे किट मिळत नाही. खेळण्यांच्या दुकानांत बॅटरीवर धावणाऱ्या गाड्या असतात; मला हवी असते ती गाडी डब्यात शंभर-सव्वाशे सुट्या भागांच्या रूपात येते, आणि पूर्ण झाली तरी धावत नाही. खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा, म्हणजे साधारण वीतभर लांब. चाके, आसने, स्टिअरिंग, आरसे हे सारे प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढायचे, कडा घासायच्या, जोडायचे, रंगवायचे आणि काचेच्या कपाटात ठेवून द्यायचे. गेली नऊ वर्षे मी हे करतो आहे. त्या आधीचे वर्ष मुलीच्या दहावीचे होते. पुढच्या शिक्षणासाठी म्हणून पत्नी तिला घेऊन पुण्याला गेली. शिक्षण संपले, मुलीला नोकरी लागली, पत्नी परत आली नाही. आमच्यात याविषयी कधी बोलणे झाले नाही. दर रविवारी फोन होतो, प्रकृती विचारली जाते.

मी एका सरकारी कार्यालयात आरेखक आहे. तिथे माझा छंद सर्वांना ठाऊक आहे. "साहेब, यंदा नवीन गाडी घेतलीत की चिकटवलीत?" असे कुणीतरी विचारते, आणि मी हसतो. सुट्टीच्या दिवशी एखादी पूर्ण झालेली गाडी मऊ फडक्यात गुंडाळून आरे-वारेला नेतो. कातळावर ठेवून डोळा जमिनीला लावला आणि मागे समुद्र धरला, की फोटोत ती खरी वाटते. एकदा एका पर्यटक बाईंनी विचारले, "काका, मुलाची आहे का?" मी हो म्हणालो. तेवढे एक लहानसे खोटे मला तेव्हा फार सोयीचे वाटले.

नवे सीलबंद किट मी क्वचितच घेतो. मी सवलत शोधतो. वाहतुकीत चेपलेला डबा, वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल, छंद सोडलेल्या माणसाने काढून टाकलेला साठा. शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि संध्याकाळ जाणे हीच माझी गरज असते. या शोधाची एक नजर तयार होते. विकणाऱ्याला आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नसणे ही सर्वांत मोठी सवलत, हे ती नजर लवकर शिकते. ही गोष्ट मी अभिमानाने लिहीत नाही.

दिवाळीनंतर एका मोबाइल ग्रुपवर कुणा तरुणाने फोटो टाकला: लोखंडी पलंगावर रचलेले चौदा डबे, खाली "काकांच्या गाड्या, सर्व एकत्र, सावर्डे". मी दुसऱ्याच दिवशी एसटीने गेलो. घर बाजारापासून थोडे आत होते. तरुणाची काकू, साठीच्या पुढची बाई, ओटीवर सुपारी कातरत बसली होती. यजमान जाऊन दहा महिने होत आले होते. ते मुंबईला असत, आणि दर खेपेस गावी येताना एखादा डबा आणून ठेवत. कामावरून मोकळा झालो की करीन, म्हणत. मोकळे झाल्यावर त्यांना दोनच वर्षे मिळाली. मुंबईत ते काय करत, हे मी विचारले नाही. विचारले असते तर बोलणे वाढले असते, आणि बोलणे वाढले की भाव उतरत नाही.

"सगळे एकदम न्या ओ भाऊ. एकेक विकायला मी काय दुकान मांडलंय?"

"नेतो, वहिनी. पण यातला एक डबा उघडलेला आहे."

"मग? भात आहे काय, उघडला नि विटला?"

"तसं नव्हे. आतला एखादा भाग हरवला असेल तर गाडी पुरी होत नाही."

"असं होय," ती म्हणाली, आणि त्या एका डब्यासाठी सगळ्या चौदांचा भाव उतरला. मी डब्यात आधीच डोकावलो होतो. काहीही हरवलेले नव्हते, हे मला पहिल्या नजरेत कळले होते.

घरी आल्यावर मी तोच डबा प्रथम घेतला. उघडलेले किट आधी संपवायचे, हा माझा नियम. आत एका जुन्या युरोपीय मोटारीचा सांगाडा होता, चार दारांची, गोलसर पाठीची. तो कुणीतरी रंगवलेला होता: अंग काळे, छत पिवळे. मुंबई एकदा तरी पाहिलेल्या माणसाला यातून काय दिसले असते ते सांगायला नको. मला दिसला तो ब्रशने दिलेला जाड, ओबडधोबड रंग. दारावर काही पांढरे ठिपके होते. पुढच्या काचेच्या डाव्या अंगाला, बाहेरून, तांदळाच्या दाण्याएवढा एक गोळा चिकटला होता. सांडलेला गोंद असावा, असे समजून मी तो ब्लेडने तासून काढला.

दुसऱ्याने रंगवलेला सांगाडा हाती आला की तो उतरवून कोरा करायचा, अशी आम्हा छांदिष्टांची रीत आहे. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ब्रेक ऑइल ओतून मी तो सांगाडा बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासला. पिवळा लगेच सुटला, काळ्याला वेळ लागला. नळाखाली धुतल्यावर करड्या प्लास्टिकचा स्वच्छ सांगाडा उरला आणि मला समाधान वाटले. ते समाधान मला आजही स्पष्ट आठवते, म्हणून ते लपवत नाही.

तीन आठवड्यांनी, कार्यालयात डबा खात असताना, फोन आला.

"भाऊ, मी सावर्ड्याची. आमची टॅक्सी तुमच्याकडं आली काय?"

"टॅक्सी?"

"ह्यांनी केलेली हो. काळी-पिवळी. मी माळा उपसून दमले. पुतण्या म्हणतो, त्या डब्यांतच गेली असणार. तीस वर्षं तीच चालवली ना ह्यांनी मुंबईत. लग्न झाल्यावर मला तिच्यातनंच आणली, कशेडीच्या घाटात म्हणतात कसे, 'मीटर टाकलाय हां, उतरताना भाडं द्यायचं.'" ती हसली. "तोच मीटर केलाय म्हणाले इवलासा, बाहेरच्या अंगाला. दाखवायला आणली तेव्हा मी कामात होते. म्हटलं ठेवा तिकडं, मागनं बघते. ते बघायचं राहिलं. माघात वर्षश्राद्ध आहे. फोटोजवळ ठेवीन म्हणते."

"आहे," मी म्हणालो. "माझ्याकडेच आहे. मी स्वतः आणून देतो."

हे खोटे नव्हे, असे मी दोन दिवस स्वतःला समजावत राहिलो. प्लास्टिक तर तेच होते.

मग मी ती पुन्हा रंगवायला घेतली. माझ्या सवयीने रंग फवाऱ्यातून इतका सपाट बसला की तो कुणा नवशिक्याचा वाटेना. तो उतरवला. ब्रश घेतला, मुद्दाम जाड रंग दिला, तर त्यात अनाडीपणाचे सोंग दिसू लागले. ज्याला मी कधी पाहिले नव्हते त्या माणसाच्या हाताची मी नक्कल करत होतो, आणि ज्या एका वस्तूवरून तो हात कळला असता ती मीच धुऊन टाकली होती. माझ्याजवळ खरेदीच्या दिवशी मोबाइलवर घेतलेला एक फोटो होता. तो मोठा करून पाहिला. डब्याच्या कडेआडून काळ्या दाराचा तुकडा दिसत होता आणि त्यावर पांढरी धूसर रेघ. तो टॅक्सीचा नंबर होता. एकही अंक वाचता येत नव्हता. मीटर मी, भाडे घेताना खाली पाडतात त्या इवल्या झेंड्यासकट, चौकटीच्या तुकड्यातून कोरून बसवला. उरलेले सुटे भाग जोडून गाडी पुरी केली. दारे कोरी ठेवली.

त्या रविवारी पत्नीने विचारले, "काय चाललंय?"

का कोण जाणे, मी तिला सगळे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "माझी वही आठवते?"

आठवत होती. तिच्या आईच्या हातची पाककृतींची वही, तेलाचे डाग पडलेली, शिवण सुटलेली. तिच्या वाढदिवसाला मी ती सबंध टाइप करून, बांधून तिला दिली होती, आणि मूळ वही रद्दीत घातली होती. एकही पदार्थ गाळला नव्हता, म्हणून तिचा अबोला मला बरीच वर्षे कळला नाही.

"आठवते," मी म्हणालो.

"त्या बाईंना सांगणार आहात का?"

"बघतो."

"बघा," ती म्हणाली, आणि मुलीच्या सर्दीविषयी बोलू लागली.

वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात मी सावर्ड्याला गेलो. गाडी कापसात बसवून डबा संपूर्ण रस्ता मांडीवर धरला होता. पुतण्या बाजारात गेला होता. ती एकटीच होती. तिने हात पुसले, चष्मा लावला, गाडी दोन्ही हातांनी उचलली आणि ओटीच्या उजेडात नेली.

"अगो बाई, मीटर!" ती म्हणाली. "झेंडासुद्धा आहे. ह्यांच्या हाताला एवढं साधत होतं, मला काय ठाऊक? मी म्हणायची, जन्म गाडीत काढलात, आता म्हातारपणी आणखी गाड्याच करा." तिने ती फिरवून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा. तिला काहीही खटकले नव्हते. मूळची तिने पाहिलेलीच नसल्याने खटकणारही नव्हते. आता काही न बोलता चहा घेऊन मी निघू शकलो असतो, आणि तिला कधीही कळले नसते.

"नंबर तेवढा घातला नाय," ती हळूच म्हणाली. "नंबर तर आधी घालतील असं वाटलं होतं. राहूनच गेला म्हणायचा." आणि ती आत, फोटोच्या दिशेने वळली.

"थांबा, वहिनी," मी म्हणालो. "नंबर घातला होता. मी पुसला."

मग मी सगळे सांगितले. ब्रेक ऑइल, टूथब्रश, गोंदाचा गोळा समजून तासलेला मीटर. उघडलेल्या डब्यात एकही भाग कमी नव्हता, हेही सांगितले. वाढीव पैसे देऊ करण्याचे मनात आले होते. पण ते देऊन मला मोकळे व्हायचे होते हे माझे मलाच कळले, म्हणून तो विषय मी त्या दिवशी काढला नाही.

ती उंबऱ्यापाशी उभी होती. "म्हणजे ही तुम्ही केलीत."

"होय."

"सगळी?"

"प्लास्टिक तेच आहे," मी म्हणालो, आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर कसे वाटतात ते ऐकले.

तिने गाडी शिवणयंत्रावर ठेवली. "मग फोटोजवळ नको."

"नको."

"मे महिन्यात नात येते मुंबईहून. तिला होईल खेळायला."

"होईल," मी म्हणालो. लाद्यांवर ढकललेली अशी गाडी किती दिवस टिकते हे मला ठाऊक आहे. आरसे पहिल्याच दिवशी जातात. मला त्याचे वाईट वाटले नाही, आणि बरेही वाटले नाही.

तिने बसायला पाट दिला नाही, पण जा असेही म्हणाली नाही. ती स्वतः ओटीच्या कडेला बसली. आवारातल्या माडाखाली कोंबड्या उकरत होत्या. मग म्हणाली, "तुम्ही बघितलीत ना पण ती? आधीची."

"हो."

"मग सांगा. मी काय बघितली नाय."

मी खाली, पायरीवर बसलो. सांगू लागल्यावर माझ्या लक्षात आले की मला त्या गाडीविषयी जे आठवत होते ते सगळे दोषांच्या रूपात आठवत होते. मी तिच्याकडे दुसऱ्या कोणत्या नजरेने पाहिलेच नव्हते. मग मी तेच सांगितले. काळा रंग दारांपाशी दोनदा दिलेला होता. पिवळा रंग छताच्या मागच्या कडेवरून थोडा ओघळला होता. छतावर ब्रशचा एक केस अडकून वाळला होता.

"आणखी?"

आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगितली तर मी काय धुऊन टाकले ते तिला पुरते कळणार होते.

"पिवळा ओला असताना बोट लागलं होतं," मी म्हणालो. "छताच्या कडेला ठसा उमटला होता. रेघा दिसत होत्या. अंगठ्याचा असावा."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. "कुठल्या हाताचा?"

मी आठवून पाहिले. तिला एखादा हात सांगता आला असता. उजवा म्हटले असते तर तिने मानलेही असते.

"ते मी पाहिलं नाही, वहिनी," मी म्हणालो.