चंचीतली गाठ

माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाच सुई हातात धरली. त्यांनी घातलेले टाके आईच्या चंचीत, सगळ्यात आतल्या कप्प्यात होते. ते मी मागच्या वर्षी मुलुंडच्या आमच्या घरात, खिडकीशी बसून, ब्लेडने उसवून काढले. ते कुणाचे आहेत हे मला माहीत नव्हतं आणि शेजारी बसलेल्या आईच्याही ध्यानात आलं नाही. चूक कुणाचीच नाही, असं माझा नवरा म्हणतो. बरोबरच आहे त्याचं. पण मला त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही.

चंची म्हणजे पानसुपारीची कापडी पिशवी. आता कुणाकडे दिसत नाही. गुंडाळी करून वरून बंद आवळलेला असतो. बंद सोडला की ती हातभर लांब उलगडते आणि आत कप्प्यात कप्पा निघतो, एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं आडवं. आईची चंची तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, गावी पडवीत बसून हाताने शिवली होती. बाहेरून हिरवा खण आणि आत मांजरपाटाचं अस्तर. लग्न होऊन आई मुंबईला आली ती चंची कमरेला खोचूनच. लालबागच्या खोलीत ती होती, गिरणी बंद पडून आम्ही भांडुपला आलो तेव्हाही होती, आणि बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्याबरोबर चंचीही आली.

डॉक्टरांनी तिचं पान बंद केलं, पण चंची काही सुटली नाही. पानांच्या कप्प्यात बीपीच्या गोळ्या आल्या, सुपारीच्या जागी ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड आणि चुन्याच्या डबीच्या कप्प्यात घराची किल्ली. आई आता घरात गाऊन घालते. गाऊनला कंबर कुठली, म्हणून तिने प्रत्येक गाऊनला माझ्याकडून मोठा खिसा लावून घेतला. टीव्ही बघताना, लिफ्टची वाट बघताना, माझ्याशी भांडून गप्प बसलेली असताना तिचा उजवा अंगठा चंचीत असायचा आणि आतल्या आत काहीतरी चाचपत असायचा. लहानपणापासून मी हे बघत आलेय. सुपारीची सवय, दुसरं काय, असं धरून चालले होते.

मग एकदा चंचीचा कप्पा विरून किल्ली सोसायटीच्या गेटपाशी पडली. वॉचमनने आणून दिली, पण आई त्या दिवशी फार घाबरली. कुलूप लागलेलं घर आणि बाहेर ती एकटी, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. मी म्हटलं, "आई, आता हिचं काही खरं नाही. मी तुला हुबेहूब अशीच नवी शिवते."

मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते आणि पिशव्या शिवायचं वेड अंगात भिनलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये माझी टिफिनची पिशवी नाही अशी बाई उरली नव्हती. काहींकडे दोन होत्या, आणि त्यांनी आता पुरे म्हणून तोंडावर सांगितलं होतं. माझा हात सफाईदार आहे, हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कुणी सांगत नाही. टीप कधी वाकडी जात नाही. त्यामुळे एक म्हातारी चंची म्हणजे काय, दुपारच्या चहापर्यंत होईल, असा माझा हिशोब होता.

तो सपशेल चुकला. वर्तमानपत्राच्या घड्या घालून बघितल्या, तर एक कप्पा नेहमी आतल्या बाजूला तोंड करून बसायचा. तो सरळ करावा, तर दुसरा नाहीसा व्हायचा. सगळं उलटं शिवून शेवटी एका छोट्या तोंडातून सुलटं करायचं, एवढं मला कळत होतं, पण ते तोंड आजीने मिटवलं कुठे ते सापडेना. मोबाइलवर पिशव्यांचे ढीगभर व्हिडिओ, पण सगळ्या चेनवाल्या. एका रविवारी भाची आली होती. तिने माझा कागदांचा पसारा बघितला आणि म्हणाली, "मावशी, वाट लागली ना? ऑनलाइन मागव की एखादा पाउच." मी तिला चहासुद्धा जरा उशिरानेच दिला.

आईला विचारून उपयोग नव्हता. "माका काय ठाऊक? सासूबायन शिवलेली. मी नुसती वापरलंय," म्हणाली. आणि मग तिनेच सुचवलं, "अगो, उसव नि बघ."

आमच्या घरात हीच रीत होती. शिवणकामाचा क्लास आईने कधी केला नाही आणि मीही नाही. अंगात चांगला बसलेला ब्लाऊज घ्यायचा, तो उसवून सुटा करायचा, तुकड्यांना इस्त्री करायची, ते वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवायची. कागद कापून झाले की ब्लाऊज परत त्याच भोकांतून शिवून टाकायचा. आईने तिचा पहिला ब्लाऊज असा शेजारणीच्या ब्लाऊजवरून शिवला होता, आणि संध्याकाळच्या आत शेजारणीला तिचा परत शिवून दिला होता. उसवणं म्हणजे मोडणं, असं आमच्यापैकी कुणाला वाटायचंच नाही.

तरी मी विचारलं, "नक्की ना गं? जुनी आहे."

"परत शिवशीलच मा? कापड खंय जाता?"

बस झालं. मी ब्लेड घेतलं. आई चष्मा न लावताच शेजारी मोड आलेले वाल सोलत बसली. बाहेरचा खण उन्हापाण्याने मातकट झाला होता, पण शिवण उघडली तसा आतला दुमडलेला भाग दिसला आणि तो अजून गर्द हिरवा होता. काताचा वास आला. आई म्हणाली, "बघ, अजून वास येता." आम्ही दोघी खूष होतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त हेच आठवतं.

आजीचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे बारीक होते. एकेक उचलून कापायला वेळ लागला. शेवटी आतला कप्पा आला आणि तिथे भलताच प्रकार निघाला. जाड काळा दोरा, मोठाले तिरके टाके, एक इकडे तर एक तिकडे, आणि मध्येच मिऱ्याएवढी टणक गाठ. मला हसू आलं. म्हटलं, "आई, हा कप्पा आजीने नाही शिवला. इथे कुणीतरी गोणी शिवलीय."

"असात," आई म्हणाली आणि तीही हसली. तिचं लक्ष वालांत होतं.

ते टाके तर फारच सोपे गेले. दोनचार ओढले आणि दोरा सळकन बाहेर आला. गाठ तेवढी ब्लेडने कापावी लागली. संध्याकाळी सगळे दोरे केराच्या सुपलीत भरले आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

कोडं सुटलं होतं. ते तोंड बंदाच्या खाली होतं, बंद जिथे शिवला होता तिथेच आजीने ते मिटवून टाकलं होतं. तिच्या डोक्याला मी मनापासून दाद दिली. पण कापड मात्र टिकलं नाही. इस्त्री फिरली तशी भोकाभोकांवरून ते फाटत गेलं. परत शिवायचं म्हणून ठेवलेल्या चंचीच्या चिंध्याच हातात आल्या. आई म्हणाली, जाऊ दे, जुनं होतं. मी स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमधून तसाच हिरवा खण आणला आणि दोन दिवस खपून नवी चंची शिवली. शेवटी त्या छोट्या तोंडातून अख्खी चंची बाहेर ओढली, कप्पे एकामागून एक पटापट आपापल्या जागी बसले, तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी राहिल्या होत्या.

"बेस झाली," आई म्हणाली. गोळ्या, कार्ड, किल्ली सगळं नव्या चंचीत गेलं.

पुढचा आठवडाभर ती जरा बेचैन दिसली. अंगठा चंचीत घालायची, फिरवायची, काढायची, परत घालायची. मला वाटलं, कापड नवं आहे, टोचत असेल. शेवटी एका सकाळी मी भाजी चिरत होते आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चंची उलगडलेली होती.

"गो, हय एक गाठ होती. ती खंय गेली?"

"कुठली गाठ?"

"आतल्या कप्प्यात. तुझ्या बापसान मारलेली."

मी सुरी खाली ठेवली. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. मी तेव्हा पाळण्यात होते. लालबागच्या खोलीत पेजेचं भांडं उतरवताना तिचा उजवा हात भाजला होता आणि मनगटापर्यंत पट्टी होती. त्यातच चंचीचा आतला कप्पा उसवला. बाबा पाळी संपवून आले, दाभण शोधला आणि गिरणीतून आणलेल्या काळ्या दोऱ्याने कप्पा शिवायला बसले. दोरा मध्येच संपला. तेव्हा त्यांनी दुसरा दोरा घेऊन गाठ मारली. मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात ती, डोळ्याचं पातं लवायच्या आत मारायची, कधीही न सुटणारी गाठ. शिवण बघून आई इतकी हसली की भाजलेला हात दुखला. बाबा रागावले, आणि त्यांनी परत कधी सुई धरली नाही.

"मग उसवताना बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. मला तिचाच राग आला होता, आणि खरं तर कुणाचा आलाय हे कळत नव्हतं.

"माझ्या ध्यानात खंय होता," ती म्हणाली. "बोटाक ठाऊक होता."

मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाल्कनीत गेले आणि रडले. ती गाठ मी कापली होती. तिला हसलेही होते. बाबांच्या हाताचं आमच्या घरात दुसरं काहीच नाही. त्यांचे कपडे वाटून टाकले, घड्याळ भावाकडे गेलं आणि बंद पडलं. एवढे चार वाकडे टाके होते आणि ते सगळ्या घरात माझ्याच हाताला लागावेत, ज्या हाताला वाकडं काही दिसलं की चैन पडत नाही.

मशीनचे ड्रॉवर उपसले, शिवणाच्या डब्यातला कचरा वर्तमानपत्रावर ओतून बघितला. सुका कचरा तर कधीच सोसायटीबाहेर गेला होता. एक जाड काळा दोऱ्याचा तुकडा निघाला. आईने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "ह्यो तुझ्या छत्रीचो." खरंच, छत्री मीच दुरुस्त केली होती.

मग मी दुसरा उद्योग केला. गिरणीतली ती गाठ कशी मारतात ते मोबाइलवर सापडलं. बाबा पातं लवायच्या आत मारायचे ती गाठ मला यायला अख्खी दुपार लागली. काळा दोरा आणला, दाभण आणला, नव्या चंचीचा आतला कप्पा मुद्दाम थोडा उसवला आणि वाकडे टाके घालायला बसले. वाकडेही माझे एकसारखे वाकडे पडत होते. चारदा काढले. शेवटी जमले तसे ठेवले, मध्ये गाठ मारली, आणि काही न सांगता चंची आईच्या गाऊनच्या खिशात ठेवून दिली.

संध्याकाळी टीव्ही लागला. तिचा अंगठा सवयीने आत गेला आणि थांबला. मी टीव्हीकडे बघायचं सोंग करत होते. तिने गाठीवरून अंगठा हळूच दोनदा फिरवला.

"ही तुझी गाठ," ती म्हणाली.

"कशावरून?"

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हवांदे. चांगली आसा," म्हणाली, आणि चंची गुंडाळून बंद आवळला.

चंची ती अजून वापरते. किल्ली त्यात असते, गोळ्या असतात. मात्र टीव्ही बघताना आता तिचे दोन्ही हात मांडीवर असतात.