बांधापलीकडचे आमचे घर

मोरेश्वरदादा म्हात्रे यांचे मी ऐकलेले पहिले वाक्य माझ्या आईला उद्देशून होते. "काकू, तिथे चूल मांडू नका. चार वाजता पाणी येईल."

सत्तरच्या दशकातला, हिवाळ्यातला तो रविवार. भाईंदरला खाडीलगत आमच्या गृहनिर्माण संस्थेने जमीन घेतली होती आणि सगळे सभासद डबे बांधून ती बघायला आले होते. जमिनीच्या मधोमध मातीचा जुना बांध. अलीकडे भातशेती, पलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडी आणि भरतीचे पाणी शिरते ते खाजण. त्या खाजणावर मुरुमाची भरणी घालून घरे उठायची होती. नकाशातले आमचे घर पलीकडेच होते. ओहोटी असल्याने बाबांनी चिखलात चार काठ्या रोवल्या होत्या आणि आई मध्ये उभी राहून स्वयंपाकघराची जागा ठरवत होती. दादांचे बोलणे ऐकून ती गोरीमोरी झाली. बाबा मात्र म्हणाले, "बरं झालं. मोरी इकडेच काढू, नळ नको." दादाही हसले. ते तेव्हा तिशीच्या आतले. संस्थेचे सेक्रेटरी, ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि ही जमीन विकणाऱ्या घरातलेच. चारच्या सुमारास पाणी आले आणि बाबांच्या काठ्या घेऊन गेले.

पुढे दादांनी ग्रामपंचायतीत ठराव आणला: बांधापलीकडे भरणी करायची नाही, तिवरे तोडायची नाहीत. ठराव मंजूर झाला आणि संस्थेची निम्मी जमीन बांधकामातून गेली. शाळेच्या पडवीत सभा भरली. दादांच्या सख्ख्या काकांनाही आपले खाजण विकायचे होते. ते सर्वांदेखत म्हणाले, "तिवरांत काय सोना हाय रं, मोरू? घरच्या जमनीची माती केलीस."

"सोना न्हाय, काका. पानी हाय. त्याला पसराया जागा लागतं."

"नि मान्सांना न्हाय लागत?"

"लागतं की. पन मान्साला थांब सांगता येतं, पान्याला न्हाय."

मग दादांनी सभासदांसमोर दुसरा नकाशा पसरला. अलीकडच्या कोरड्या जमिनीवर बैठ्या घरांऐवजी दोन मजले चढवले तर प्रत्येकाला घर मिळत होते. बाबा उठले. "म्हात्रे, चाळीचे जिने चढून आमचे गुडघे गेले. पैसे भरले ते अंगणासाठी." टाळ्या पडल्या. अंगणाच्या बाजूने हात वर झाले आणि घरे निम्मी राहिली. ती कोणाला द्यायची हे चिठ्ठ्यांवर ठरले.

चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून काढायची आपल्याकडे रीत आहे. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवले. "ही सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेतली. लबाडी करायची नाही." मी चिठ्ठ्यांच्या कळशीत हात घातला. म्हात्रे निघाले. साळवी, म्हणजे आम्ही, निघालो नाही.

बाबा पुन्हा उठले. "म्हात्रे, घर सोडा. निदान लाजेखातर."

"साळवीकाका," दादा म्हणाले, "मी घर सोडलं तर लोक म्हणतील, चूक केली आणि भरपाई दिली. मी चूक केलेली नाही. चिठ्ठी निघाली, मी राहणार."

दादांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासारख्या गौरवग्रंथात त्यागाच्या कथा असतात. ही त्यागाची कथा नाही, आणि मला ती म्हणूनच मोलाची वाटते. घर सोडून दादा एका दिवसात देवमाणूस झाले असते आणि ठराव त्या दिवशीच बुडाला असता. त्यांनी लोकांचा राग उंबऱ्याच्या आत घेतला आणि ठराव राखला.

बाबांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. माझे मॅट्रिकचे वर्ष आले तेव्हा भाईंदरातल्याच आमच्या भाड्याच्या खोलीत पुस्तक उघडायला कोपरा नव्हता. शालिनीवहिनींनी, दादांच्या पत्नींनी, निरोप पाठवला की मुलीला अभ्यासाला आमच्याकडे येऊ दे. बाबा म्हणाले, त्या घरात पाय ठेवायचा नाही. मग दादा स्वतः आले आणि दाराबाहेरच उभे राहिले. "काका, माझ्याशी भांडा. घराशी कशाला?" आईने आतून चहा ठेवल्याचा आवाज केला आणि बाबांना हो म्हणावे लागले.

मी त्यांच्या ओटीवर वर्षभर अभ्यास केला. बाबा मला न्यायला येत ते फाटकाबाहेर थांबत. एकदा मात्र आत येऊन बसले आणि खाडीकडे बघत म्हणाले, "हवा बरी येते."

"येणारच," दादा म्हणाले. "समोर कुणी बांधलं नाही ना."

बाबा हसले. त्या दिवसापासून ते दोघे बोलू लागले. शेवटच्या आजारात बाबांना दवाखान्यात नेले तेही दादांनीच.

तिवरे राखली म्हणून जागा महाग झाली आणि साध्या माणसाचे घर गेले, असे आजही दादांच्या तोंडावर बोलले जाते. जवळच सिल्व्हर पार्क भागात भाड्याने राहणारा माझा भाऊही तेच म्हणतो. जागा कमी झाली हे खरे आहे. ती आमच्याच वाट्याची कमी झाली आणि बाबांचे आयुष्य भाड्याच्या खोलीतच सरले. पण बोलणाऱ्यांनी बांधाच्या अलीकडे एकदा मान वर करून बघावे. ज्या जमिनीवर आपल्याला दोन मजले नको होते, तिथे आज उंच इमारती आहेत. जागा तिवरांनी खाल्ली नाही. ती आपल्या अंगणाच्या हट्टात गेली, आणि हा हट्ट धरणाऱ्यांत माझे बाबा पहिले होते.

दादा खरे ठरले असा एखादा महापुराचा प्रसंग मला सांगता येत नाही. पाणी येत राहिले आणि पसरून परत जात राहिले. काही झाले नाही, हेच त्यांचे काम.

मी अजून त्या बांधावर जाते. नातवंडांना पलीकडे बोट करून सांगते, ते आपले घर. तिथे तिवरे आहेत, बगळे आहेत. दिवसातून दोनदा पाणी आमच्या स्वयंपाकघरात येते आणि कोणाचे काही न भिजवता निघून जाते.

त्या जागेवर भरणी घालण्याची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत, आणि पंचाहत्तरीत आता दादांनी आराम करावा असे काही जण प्रेमाने सुचवत आहेत. मी तसे सुचवणार नाही. दादांचे गुडघे शाबूत राहोत, आवाज खणखणीत राहो आणि त्यांना पुष्कळ वर्षे लाभोत. पुढची सभा भरेल तेव्हा त्यांनी नाही म्हणायला उभे राहावे. त्यांच्या शेजारी मी उभी असेन. ती जागा आमच्या घराची आहे, आणि तिथे कोणी बांधायचे नाही.