जानराव कंडक्टरची बिनचुलीची कॉफी

आमच्या रिसोडला विधुराच्या घरी कोणी चहाला थांबत नाही. तसा काही कायदा नाही, दवंडीही कोणी दिलेली नाही. पण ज्या घरात बाई उरली नाही, तिथल्या माणसाला आपल्यापायी गॅसपाशी उभं करणं लोकांच्या जिवावर येतं. मग दारातूनच ‘राहू द्या भाऊ, कायले तरास घेता’ म्हणायचं, चप्पल पायातच ठेवायची आणि दोन वाक्यांत काम उरकून निघायचं. याला माणुसकी म्हणतात. ही माणुसकी जानरावनं दोन वर्षं सोसली.

जानरावचा जन्म एसटीत गेला. कंडक्टर होता तो, आणि कंडक्टर कसला, चालती चावडीच. रिठदला कोणाची पोरगी बघायला पाहुणे उतरले, कोणाचा जावई सासऱ्याशी भांडून भर दुपारी परत निघाला, हे तिकीट फाडता फाडता त्याला कळायचं आणि पुढच्या थांब्यापर्यंत सगळ्या गाडीला कळायचं. ‘आत सरका, मागं जागा हाय’ हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं असेल की झोपेतसुद्धा म्हणायचा. भागिरथा कोपरानं ढोसायची, “सरकली ना मी. आता भिंतीत घुसू का?”

भागिरथा गेली आणि जानराव ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आत या’ म्हणू लागला. आत कोणी सरकेना.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात टपऱ्या काय कमी आहेत? जायचा तो टपरीवर. पण टपरीवर माणूस उभ्यानं चहा पितो, उभ्यानं बोलतो आणि गिलास खाली ठेवला की दोघं दोन दिशांना. जानरावला ते नको होतं. आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर दुसरं माणूस टेकावं, त्यानं नको तितका वेळ काढावा, त्याचा आवाज भिंतींना ऐकू यावा, एवढीच त्याची भूक होती. घर रात्रंदिवस गप्प असायचं. बोलायचा तो फक्त फ्रिज, तोही घरघर करून थांबला की शांतता आणखी मोठी व्हायची.

एकदा त्यानं जबरदस्ती करून पाहिली. जगदेवला हाताला धरून बसवलं. जगदेव म्हणजे त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर. बायकोपेक्षा जास्त वेळ दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं. “हलू नको, चहा ठेवतो,” म्हणून जानराव आत गेला. आलं ठेचलं, साखर शोधली, दोन कप भरून बाहेर आला, तर खुर्ची रिकामी. फाटक उघडं. जगदेव पळाला होता. जानरावनं दोन्ही कप स्वतःच प्यायले. दुसरा निवेपर्यंत त्यानं रस्त्याकडं बघितलं, हे समोरच्या लिलाबाईनं पाहिलं. म्हणजे गल्लीनं पाहिलं असं धरून चाला.

भागिरथेच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला मुलगा उत्कर्ष आणि सून रूपा पुण्याहून आले. रूपाला कॉफीशिवाय सकाळ उगवत नाही. तिनं येतानाच काचेच्या बाटल्या भरून आणल्या होत्या, आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवल्या. कार्यक्रमाला जगदेव आला होता, जेवून निघायच्या बेतात होता. रूपानं फ्रिज उघडला, गिलासात काळं पाणी ओतलं, दूध-साखर घातली आणि त्याच्या हातात दिलं.

“राहू दे मा, कायले गॅस...” जगदेव सवयीनं बोलून गेला.

“गॅस कुठे लागतो काका? कालचीच तयार आहे.”

जगदेव बसला आणि सगळा गिलास प्यायला. कोपऱ्यातून जानराव हे बघत होता. त्याच्या डोक्यात जो दिवा लागला तो बुद्धविहारातल्या ट्यूबलाइटपेक्षा लख्ख होता. जी वस्तू आधीच तयार आहे तिला ‘तरास घेऊ नका’ कसं म्हणणार?

रात्री त्यानं रूपाला विचारून सगळं समजून घेतलं. कॉफीच्या भाजलेल्या बिया जाडसर दळायच्या, पीठ करायचं नाही. साध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या. अर्क घट्ट निघतो, तो फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. पिताना दूध नाहीतर पाणी घालायचं. विस्तव कुठंच नाही.

“पण बाबा, तुम्ही एकटेच. एक बाटली पुरेल तुम्हाला.”

“एकटा कायले? येतात ना लोकं,” जानराव म्हणाला. रूपानं उत्कर्षकडं बघितलं, उत्कर्षनं मोबाइलकडं.

पुण्याहून बियांचं मोठं पार्सल आलं. एका बाटलीपुरतं करणं जानरावच्या हाताला ठाऊक नव्हतं. त्यानं माळ्यावरून भागिरथेचा गंज काढला. हा गंज म्हणजे भीमजयंतीच्या जेवणाला गल्लीभराची भाजी ज्यात शिजायची ते पातेलं. मिक्सर दुसऱ्याच घाण्याला तापून वास मारू लागला, तेव्हा त्यानं बियांची पिशवी खांद्यावर टाकून रतनसिंगची चक्की गाठली.

रतनसिंगनं मूठभर बिया हातात घेऊन हुंगल्या. “जाडंभरडं पायजे ना? मंग चक्कीवर नाई होत. कांडपावर टाकतो.”

दिवस उन्हाळ्याचे. वर्षभराचं तिखट करून ठेवायला सगळ्या गावच्या मिरच्या त्याच कांडपावर कुटल्या जात होत्या. रतनसिंगनं फडक्यानं कांडप पुसलं, हे खरं. पण ते फडकंही तिखटाचंच होतं. जानराव शिंकत शिंकत घरी आला आणि त्याला वाटलं, कॉफी ताजी कुटली की अशीच लागत असेल नाकाला.

रात्री गंजात भिजत घातली. सकाळी धुतलेल्या पातळाच्या चौघडीतून गाळली. एकट्यानं गाळायची म्हणजे फडक्याचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं खुर्चीच्या पाठीला बांधायचं आणि भांडं दोन्ही हातांनी धरून ओतायचं. अर्धी खालच्या बादलीत, थोडी फरशीवर, थोडी लुंगीवर. पण बाटल्या भरल्या. ओसरीत चार खुर्च्या अर्धगोलात मांडल्या आणि जानराव वाट बघत बसला.

पहिली लिलाबाई आली, नळ आल्याचं सांगायला. नळ आला हे जानरावच्या टाकीलाही कळलं होतं. लिलाबाई आली होती ती फडकं का बांधलंय ते बघायला.

“बसा, वैनी. गॅस नाई लावत. तयार हाय.”

भागिरथा गेल्यापासून लिलाबाई त्या घरात पहिल्यांदा टेकली, खुर्चीच्या अगदी काठावर, निघायच्या तयारीत. एक घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कायचं हाय हे?”

“कॉफी.”

“कॉफी अशी झोंबते?”

“पुन्याची हाय,” जानराव म्हणाला.

पुण्याची म्हटल्यावर ती झोंबणार हे लिलाबाईला पटलं. लाजेकाजेनं तिनं गिलास रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच दारात. चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा इतका फुलला नसेल. लिलाबाईचं पोट हा गल्लीचा जुना विषय आहे. एरंडेल झालं, इसबगोलाचा भुसा झाला, वाशीमच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. त्या पोटानं जानरावच्या एका गिलासाचं ऐकलं होतं.

“कोनाले सांगू नका भाऊ,” असं म्हणून ती बाटली भरून घेऊन गेली, आणि तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर काय विचारता. सकाळी जानरावच्या फाटकापाशी हात दिसू लागले. माणसं फाटकाबाहेर, हात तेवढा आत आणि हातात पाण्याची रिकामी बाटली. आठवडाभरात गंजभर कॉफी संपली. दुसऱ्या घाण्याला रतनसिंगनं कांडप धुऊन घेतलं, तर गिऱ्हाइकं नाराज. लिलाबाईनं निकाल दिला, “असर हाय, पन झोंबत नाई. पयलीच चांगली होती.” पण हात यायचे थांबले नाहीत.

“इथंच घ्या ना एक गिलास, बसून,” जानराव प्रत्येकाला म्हणायचा.

“इथं घेऊन कसं जमन भाऊ?” लोक म्हणायचे. “ते काय सांगून येते का? घरीच जाऊन घेतो.”

आणि झपाझप चालू लागायचे. ज्या कामासाठी ते कॉफी नेत होते त्या कामाला गप्पा मारत बसणं परवडण्यासारखं नव्हतं, हे जानरावलाही समजत होतं. म्हणून तर बोलायची सोय नव्हती. आधी लोक त्याच्यावर दया करून दारातून जायचे, आता स्वतःवर दया करून जाऊ लागले. दार तेच.

ऊन चढलं की गल्ली बंद. जानराव गंज घासायचा, चोथा जास्वंदीच्या बुडाशी टाकायचा, मग ओसरीत बसायचा. रोज वेगळ्या खुर्चीवर बसायचा तो, चारींवर धूळ सारखी राहावी म्हणून. एखादीच स्वच्छ दिसली की घरात एकच माणूस आहे हे उघड पडायचं. कोणाला उघड पडायचं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

रूपाचा फोन यायचा. “बाबा, पुन्हा बिया पाठवू? एवढी कॉफी पितं कोण?”

“अवं, रांग लागते रांग.”

“बघ, मी म्हणत होतो ना,” मागून उत्कर्षचा आवाज, “बाबांचा वेळ मस्त जातोय.”

जानराव हो म्हणायचा. खोटं काय होतं त्यात? रांग लागतच होती. कॉफी भिजत घालणं बंद करावं असं त्याच्या मनात यायचं, पण मग ते हातही दिसणार नाहीत; म्हणून संध्याकाळ झाली की गंज भरायचा.

वैशाखातल्या एका दुपारी फाटक वाजलं. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. जगदेव उभा होता, डोक्याला दुपट्टा, हातात बाटली.

“सुनेनं पाठवलं,” तो बाटलीकडं बघत म्हणाला. “तिच्या आईले पायजे म्हने. कामरगावले न्यायची हाय.”

फ्रिजमध्ये बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. जानराव म्हणाला, “नाई झाली अजून. भिजून राह्यली. बस.”

“मंग सकायी येतो.”

“सकायी संपते.”

“तं परवा येतो,” म्हणत जगदेवनं पाठ फिरवली. दुपट्टा सारखा करून तो पायरी उतरला.

“जगदेव,” जानरावनं हाक मारली. “झाली हाय कॉफी. फ्रिज भरला हाय तिनं. मी खोटं बोललो.”

जगदेव वळला.

“मी काय गल्लीचं पोट साफ कराले बसलो का लेका? कोनी बसावं म्हनून करून राह्यलो. माहं घर पाहून पळता काहून तुमी सारे? लोकाचं सोड. तू काहून पळाला त्या दिवशी?”

जगदेवनं डोक्यावरचा दुपट्टा सोडला. मग पायरी चढून सावलीत आला, पण बसला नाही.

“तरास नको म्हनून नाई पळालो,” तो म्हणाला. “आपन इथं बसलो का वैनी आतून बोलत राहे. माह्यावर खेकसे. ‘जगदेवभाऊ, गाडी सावकाश हाना, माहा नवरा मांगं उभा असते.’ चहा उकयेपरेंत तिचं चालूच. त्या दिवशी तू आत गेला. भांडे वाजले. आवाज नाई आला. मले बसवलं नाई जानराव. काय करू?”

तो आवाज जानरावलाही येत नव्हता, आणि त्याला तर पळून जायला दुसरं घरही नव्हतं. मग त्यानं ओसरीतली एक खुर्ची उचलली, दारातून तिरपी करून आत नेली आणि थेट स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी ठेवली.

“इकडं बस. मंग भांडे तुह्या डोयापुढं वाजतीन.”

“सैपाकघरात? गडीमानूस?”

“कोन हाय आता नाई म्हनाले?”

जगदेवनं चप्पल काढली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याचा पाय अडला. इतक्या वर्षांत त्यानं तो कधी ओलांडला नव्हता. मग आत येऊन खुर्चीवर बसला, पूर्ण, पाठ टेकून. फ्रिजकडं हात करून म्हणाला, “ते काय नको मले. चहा मांड.”

जानरावनं गॅस पेटवला. आलं ठेचताना तो बोलू लागला ते थांबेचना. कांडपाचं सांगितलं, लिलाबाईचं सांगितलं, जगदेव हसता हसता खोकला. चहा दोनदा उतू गेला.

“लई गोड केला,” जगदेव पहिला घोट घेऊन म्हणाला.

“पी आता.”

“पितो ना. सांगून राह्यलो.”

ऊन कलल्यावर तो निघाला. सुनेच्या आईसाठी बाटली भरून नेली. पुन्हा येतो, असं काही म्हणाला नाही, जानरावनंही विचारलं नाही. लिलाबाईनं संध्याकाळपर्यंत गल्लीत कळवलं की जानरावनं खुर्ची आत नेली, म्हणजे आता औषध सैपाकघरातच पाजतात, आणि जगदेवचं दुखणं तिच्या दुखण्यापेक्षा मोठं दिसतं, कारण तो दोन तास आत होता.

दुसऱ्या दिवशी जगदेव आला नाही. तिसऱ्याही नाही. जानरावनं हात मोजून बाटल्या दिल्या, गंज घासला, ओसरीत तीन खुर्च्यांपैकी एकीवर बसला. बाजाराच्या दिवशी जगदेव आला तो पिशवीत आलं घेऊन, ‘तुह्या इथलं वाळलं होतं’ म्हणत. चप्पल दारात काढली आणि न विचारता आत सरकला.