गाण्याच्या मधात बाबा बोलले

"भैया, बीच में ये किसकी आवाज़ है? काट दूँ?" तेलीबांध्याच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्टनं विचारलं. माझ्याच रॉक गाण्यांतली मला आवडणारी दहा निवडून अल्बम करायचा होता. सकाळपासून ऐकून कान थकले होते, स्वतःचा आवाज नकोसा झाला होता.

"रहने दे," मी म्हणालो. "मेरे बाबा हैं."

कित्येक वर्षांपूर्वी गुढियारीतल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ऐन दुपारी पंखा बंद करून, घामानं निथळत मी ते गाणं टेप करत होतो. बाबा ड्यूटीवरून आले आणि दारातच उभे राहिले. त्यांच्या कपड्यांचा ग्रीसचा वास खोलीत पसरला. शेवटच्या कडव्याआधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

कौतुक करणारा माणूस नव्हता तो. पण मी ओरडलो, "बाबा, काहून बोलले मधात? सारं खराब केलं!"

"चुकलं बाप्पा. राहवलं नाही," म्हणत ते बाहेर गेले.

त्यानंतर मी गात असलो की ते बाहेर पायरीवरच बसून राहायचे, बूटही न काढता. किती दमून येत असतील, ते आता माझं अंग दुखतं तेव्हा कळतं. मी मात्र एकदाही त्यांना "आत या" म्हटलं नाही.