काळे खडे कमी पडले

गावाच्या पाण्याचा हिशोब गावानेच करायचा ठरला, तर तो खोटा कोण करतं?

आमच्या गावात तो शाळेच्या पटांगणात झाला. एका संस्थेच्या ताईंनी चुन्याने शिवाराचा मोठा नकाशा आखला: नाला, पाझर तलाव, प्रत्येकाचं शेत. विहिरीसाठी पांढरा खडा, बोअरसाठी काळा, ज्याचा त्याने ठेवायचा. ताई ते लॅपटॉपवर भरणार आणि रब्बीत किती गहू झेपेल ते पडद्यावर दिसणार. पत्रकांतून वाचलेली लोकांची सत्ता माझ्या डोळ्यांसमोर चुन्याने आखली जात होती.

पण आदल्या दिवशीच पारावर कुजबुज पसरली होती, बोअर दाखवला की मीटर बसणार. काळे खडे मोजकेच पडले. माझ्या वडिलांनी एक ठेवला. आमचे बोअर दोन.

मोठी आई, म्हणजे वडिलांची थोरली भावजय, समोरच उभी होती. आमच्या शेताखाली नाल्याकाठी तिचा मळा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी मालेगावच्या बाजारात विकून तिचं घर चालायचं. आमचे बोअर चालले की तिची विहीर आटायची.

"भाऊजी, तुमचा दुसरा बोअर माहेरी गेला काय?" तिने विचारलं. सगळे हसले.

"तो बंद हाय, वहिनी."

"बंद? मंग रातभर घुरघुर कोन करते, तुमी?"

"बाई, तुमी भाजी विका," मागून कोणीतरी ओरडलं, "हिशोब आमाले करू द्या!"

ताईंनी विचारलं, आणखी कोणाचा राहिला का? मीही उठून आमचा दुसरा बोअर सांगितला नाही.

पडदा निळाशार झाला. पाणी भरपूर! टाळ्या वाजल्या आणि सगळ्यांनी गहू पेरायचं ठरलं. संगणकाने आमचंच खोटं आम्हाला रंगवून दाखवलं.

होळीच्या आधीच मोठ्या आईच्या विहिरीचा खडक उघडा पडला. वांगी फुलावर असताना वाळली. आमचा गहू मात्र ओंब्यांनी भरला. आता ती सकाळच्या जीपने शेजारच्या केनवड गावाला जाते, दुसऱ्याच्या मळ्यात रोजाने निंदायला. आमच्या दारावरून जाताना ती मान वळवत नाही.

"रागावली हाय," वडील म्हणतात, "बोलन वहिनी उद्या."

तुमच्या गावात असा नकाशा आखला जाईल, तेव्हा तुमच्या शेताखाली कोणाची विहीर आहे ते आधी बघा. मग उठा आणि तुमचे सगळे बोअर दाखवा. घरचा माणूस लपवत असेल, तर त्याच्या देखत, भर सभेत बोला.